भिंतीतली पाचवी इस्त्री

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे, आणि पहिल्याच ओळीत कबूल करतो की मी भित्रा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हल्ली घराघरांत वर-खाली होणाऱ्या खटक्यांच्या डब्या असतात. मी त्यांच्या आधीच्या पिढीतला. पांढऱ्या चिनी मातीचा, तळहातात मावेल एवढा, दोन भागांचा. खालचा भाग भिंतीवरच्या फळीला स्क्रूने पक्का बसवलेला असतो आणि वरचा भाग हाताने ओढला की निघून येतो. वरच्या भागाला दोन पितळी पाय आणि त्या पायांच्या मध्ये एक बारीक तार. माझा जीव त्या तारेत. झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ती तार वितळते, वाट तुटते आणि सगळे बंद पडते. मग लोक कपाळाला हात लावून म्हणतात, "उडाला फ्यूज."

म्हणजे बघा, घाबरणे हाच माझा धंदा. घरातल्या सगळ्यांच्या आधी मी घाबरायचे आणि जीव सोडायचा, म्हणजे बाकीचे वाचतात. इतर वस्तूंचे कौतुक त्या चालू असताना होते. माझी आठवण मात्र मी मेल्यावरच निघते, आणि तीही चांगल्या शब्दांत निघत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. ओली माती साच्यात दाबली, सुकवली आणि आमची शे-दोनशे भावंडे एका फळीवर मांडून आत ढकलली. आत काय झाले ते मी सांगत बसत नाही, कारण आजही आठवले की अंगावर काटा येतो. बाहेर आलो तेव्हा काही भावंडांना तडे गेले होते. त्यांना वेगळ्या टोपलीत टाकले आणि ती टोपली कुठेतरी गेली. आम्ही जे उरलो होतो, त्यांची परीक्षा व्हायची होती. एक चष्मेवाला तपासनीस एकेकाला तार बांधून यंत्राला लावायचा आणि हळूहळू करंट वाढवत न्यायचा. माझ्या शेजारचा उडाला तेव्हा ठिणगी थेट माझ्या तोंडापर्यंत आली. मला वाटले, संपला बिचारा. पण तपासनीस खूश झाला आणि त्याने त्याच्यावर शिक्का मारला. मग माझी पाळी आली. मी इतका घाबरलो की काही ठरवायची गरजच पडली नाही, आपोआप उडालो आणि पास झालो. माझ्या पाठीवर शिक्का उमटला, दहा अँपिअर.

तिथून मी एका शिवणघरात आलो. रस्त्याला लागून दोन खोल्या. बाहेरच्या मोठ्या खोलीत सहा शिलाई मशिनी, कापड बेतायचे लांब टेबल आणि टोकाला इस्त्रीचा बाक. आतल्या खोलीत कापडाचे तागे, दोऱ्यांची खोकी आणि कातरणांची पोती. दोन खोल्यांच्या मधल्या दारावर एक लाकडी फळी होती, तिच्यावर मेन स्विचच्या शेजारी मला बसवले. त्यामुळे बाहेरच्या खोलीतले सगळे मला दिसायचे आणि आतले फक्त ऐकू यायचे. मालकांना सगळे मास्तर म्हणत. कपड्यातला एक दोरा सुटलेला त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, पण गळ्यातला टेप मात्र ते दिवसातून चारदा शोधायचे.

मला बसवणारा वायरमन म्हातारा होता. काम संपल्यावर त्याने मास्तरांना माझ्यासमोर उभे केले.

"मास्तर, ही फक्त इस्त्रीच्या बाकाची लाइन. तार आतल्या खोलीच्या भिंतीतून फिरून बाकाकडे जाते. मध्ये एक जोड आहे. दहा अँपिअर झेपतात तिला. तुमची एक इस्त्री पाच अँपिअर ओढते. किती इस्त्र्या चालतील?"

"दोन," मास्तर म्हणाले.

"आणि तिसरी लावलीत तर?"

"हा उडणार."

"उडू दे. उडायलाच ठेवलाय त्याला. शिव्या घालू नका म्हणजे झालं."

पहिली काही वर्षे बरी गेली. बाकावर दोन इस्त्र्या चालायच्या, माझ्यातून दहा अँपिअर जायचे आणि मी जीव मुठीत धरून का होईना, पण टिकून राहायचो. कधीमधी कुणाच्या चुकीने उडालो तर मास्तर स्टुलावर चढून स्वतः नवी बारीक तार बांधायचे. मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, इस्त्रीचा बाक सांभाळायच्या. त्या इतक्या सफाईने काम करायच्या की त्यांच्या हाताखालून गेलेला कोट घडीवर घडी ठेवला तरी कडा हलत नसत.

मग दवाखान्यांचे पांढरे कोट शिवायचे मोठे काम आले. तीनशे कोट, आणि प्रत्येकाला कडक इस्त्री. दोन इस्त्र्यांनी भागेना, म्हणून तिसरी आली. वायरमनला सांगितलेले उत्तर मास्तर विसरले. मी कसा विसरणार? तिसरी इस्त्री तापायला लागली की माझ्यातून पंधरा अँपिअर जाऊ लागत. माझी तार आधी कोमट व्हायची, मग गरम, मग लाल. थोड्या वेळात मी उडायचो. सगळ्या इस्त्र्या गार पडायच्या आणि सगळी डोकी गरम व्हायची.

शिवणघरात वहिनींचे धाकटे भाऊ कापड बेतायचे काम करत. त्यांना सगळे मेहुणे म्हणायचे, चेष्टेत त्यांची सख्खी बहीणसुद्धा. त्यांची कात्री रेघ सोडत नसे आणि तोंड मात्र कुठलीच रेघ पाळत नसे. एका दुपारी मी चौथ्यांदा उडालो तेव्हा मेहुणे उठले. त्यांनी मला फळीवरून ओढून काढले, जुन्या वायरचा एक तुकडा सोलला, आतले तांब्याचे तंतू एकत्र पिळले, चौपदरी केले आणि माझ्या दोन्ही पायांना करकचून आवळले.

"आता उडून दाखव म्हणावं," मेहुणे म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

मास्तर नुसते हसले नाहीत, थोडे कचरलेही. "चालेल ना रे असं?"

"न चालायला काय झालं? कोट होऊ देत, मग घालू की त्याची ती केसासारखी तार."

कोट झाले. मागोमाग दुसरे काम आले, मग तिसरे. ती केसासारखी तार कुणाला आठवली नाही.

मित्रांनो, भीती काय असते ते मला त्या दिवसापासून कळले. त्याआधी जी वाटायची ती माझ्या कामाचीच होती, वाटली की मी उडायचो आणि मोकळा व्हायचो. आता पंधरा अँपिअर अंगातून जात होते आणि मला गुदगुल्याही होत नव्हत्या. मेहुण्यांना वाटले, फ्यूज मजबूत झाला. वीज जिथे अडते तिथे तापते. माझ्यातल्या बारीक तारेत ती अडायची म्हणून मी तापायचो. चौपदरी तांब्यात ती अडेनाशी झाली आणि माझे अंग गारच राहू लागले. पण भिंतीतली तार तीच होती, दहा अँपिअरची, आणि तिच्यातला तो जोडही तोच होता. रोज दिवसभर तापून आणि रोज संध्याकाळी गार होऊन तो जोड ढिला होऊ लागला. जेवढा ढिला, तेवढी अडवणूक जास्त. जेवढी अडवणूक जास्त, तेवढा तो तापणार. माझ्या एका पायाला ती तार जोडलेली होती, त्यामुळे हे सगळे मला कळत होते. सांगता मात्र येत नव्हते. माझ्याकडे बोलायची एकच रीत होती, उडणे, आणि तीच आवळून टाकली होती.

अशात थंडीचे दिवस सुरू झाले आणि काजवालीने आपली मुलगी कामावर आणायला सुरुवात केली.

काजवाली म्हणजे काजे आणि बटणे करणारी तरुण बाई. खिडकीजवळ बसायची, बोलणे कमी, हात सतत चालू. मुलगी सात महिन्यांची, तिला सगळे ठकी म्हणायचे. घरी सांभाळायला कोणी नव्हते.

"वहिनी, ठकीला आत झोपवू का? इथं मशिनींनी दचकते."

"झोपव की. विचारायचं काय त्यात?"

काजवालीने एक वेताची मोठी टोपली आणली होती. त्यात दुपटे अंथरून ती ठकीला आतल्या खोलीत नेऊन झोपवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर येऊन ती कौतुकाने म्हणाली, "आतल्या भिंतीला काय छान ऊब असते हो. टोपली टेकवली की पाच मिनिटांत डोळे मिटते."

"पलीकडून ऊन लागत असेल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कोट ओढला.

त्या भिंतीच्या पलीकडे एक बोळ होता, दोन माणसे आडवी मावणार नाहीत इतका अरुंद. तिथे बारा महिने सावली असायची.

त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचेना. सकाळी मशिनी सुरू होण्याआधी टोपली आत गेल्याचा आवाज यायचा, वेत भिंतीला घासल्याचा. मग इस्त्र्या लागायच्या. मी मनातल्या मनात म्हणायचो, आज तरी वितळ, एक तंतू तरी तुटू दे. तांबे ढिम्म हलायचे नाही. संध्याकाळी इस्त्र्या बंद व्हायच्या, टोपली बाहेर यायची, ठकी आईच्या खांद्यावर डोके टाकून माझ्याखालून घरी जायची, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचो. पुन्हा सकाळ व्हायची.

मग वहिनींची तक्रार सुरू झाली. "इस्त्र्या तापत नाहीत. दहा वेळा फिरवली तरी सुरकुती तिथेच. आधी एकदा फिरवली की काम व्हायचं."

"जुन्या झाल्या असतील," मास्तर म्हणाले.

मेहुण्यांकडे उत्तर तयारच होते. "तीन तापत नाहीत ना? चार लावू. कमी तापणाऱ्या चार म्हणजे चांगल्या तापणाऱ्या तीन."

सगळ्यांना हा हिशेब पटला. चौथी इस्त्री आली. ती लावली त्या सकाळी माझ्यातून जाणारा लोंढा एकदम वाढला आणि भिंतीतल्या जोडाने जणू दात-ओठ खाल्ले. चौथी लावूनही इस्त्र्या जास्त तापल्या नाहीत, उलट चारही आधीपेक्षा गार लागू लागल्या. वहिनी वैतागल्या. शेवटी मास्तरांनी एक इस्त्री पिशवीत घातली आणि चौकातल्या वाइंडिंगवाल्या मावशींकडे नेली. या मावशी जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायच्या, आणि पंखा, मिक्सर, इस्त्री, काहीही दुरुस्त करायच्या. केस पांढरे झाले होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

मास्तर तासाभरात परत आले, इस्त्री तशीच पिशवीत.

"झाली दुरुस्त?" वहिनींनी विचारले.

"दुरुस्त करायला काही नाहीच म्हणतात. मीटर लावून दाखवलं मला. त्यांच्या दुकानात दोनशे तीस व्होल्ट, आणि इस्त्री पाच अँपिअर घेते. दोनशे तीसला पाचनं भागा, शेहेचाळीस ओहम. दोनशे तीसला पाचनं गुणा, अकराशे पन्नास वॅट. म्हणे, इस्त्री ठणठणीत आहे, दोष तुमच्या घरात आहे."

"दोष घरात?" मेहुणे म्हणाले. "त्यांच्याकडे तापते आणि आपल्याकडे रुसते होय?"

"दुपारी येते म्हणाल्या बघायला."

इस्त्री पुन्हा बाकावर गेली आणि चारही चालू झाल्या. मित्रांनो, ती दुपार मी मिनिटामिनिटाने मोजली. आतल्या खोलीत ठकी थोडा वेळ स्वतःशीच बोलत होती, मग गप्प झाली. तिला झोप लागली होती. थोड्या वेळाने करपट वास येऊ लागला. दुसऱ्या कुठल्याही घरात असा वास आला असता तर माणसे उठून धावली असती. पण इथे करपट वास रोजचाच. मेहुण्यांनी नाक वर करून बाकाकडे पाहिले आणि म्हणाले, "कुणीतरी कॉलर जाळली वाटतं." बाकावरच्या बायकांनी आपापल्या कॉलरी पाहिल्या. एकही जळली नव्हती. त्यांनी खांदे उडवले आणि काम पुढे चालू केले. मी फळीवर बसून हे बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

तीनच्या सुमारास मावशी आल्या. एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वायरला बाहेरून पकडून करंट मोजणारा चिमटा. आल्या आल्या त्या बाकाकडे गेल्या आणि तिथल्या सॉकेटात मीटरच्या दोन सुया घातल्या.

"एकशे चौऱ्याऐंशी," मावशी म्हणाल्या. "दोनशे तीस कुठे आणि हे कुठे. मास्तर, खडू आहे का?"

शिंप्याकडे खडू नसेल तर कुणाकडे असेल? मास्तरांनी कानामागचा काढून दिला. मावशींनी बेतायच्या टेबलाच्या काळ्या फळीवर लिहायला सुरुवात केली आणि मेहुण्यांना आपले कापड गुंडाळून घ्यावे लागले.

"इस्त्रीचा रोध, म्हणजे अडवणूक, शेहेचाळीस ओहम, तो काही बदलत नाही. रेटा मिळतोय एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट. एकशे चौऱ्याऐंशी भागिले शेहेचाळीस. सांगा."

"चार," मास्तर म्हणाले.

"चार अँपिअर. म्हणजे चारही इस्त्र्यांचे मिळून सोळा व्हायला हवेत. बघू."

त्या स्टूल घेऊन माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्याखालच्या वायरला चिमटा लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. सोळा. मग मीटरच्या सुया फळीवरच्या वायरींच्या टोकांना लावल्या. दोनशे तीस. त्या तशाच स्टुलावर उभ्या राहिल्या.

"इथून दोनशे तीस निघतात, तिथे एकशे चौऱ्याऐंशी पोचतात. मधले शेहेचाळीस व्होल्ट वाटेत जातात."

"शेहेचाळीस तर इस्त्रीचा आकडा होता," मेहुणे म्हणाले.

"तो ओहमचा होता, हा व्होल्टचा. योगायोगानं सारखे आलेत. कापड मोजताना वार आणि इंच एक करता का तुम्ही? मास्तर, लिहा. शेहेचाळीस व्होल्ट भागिले सोळा अँपिअर."

"पावणेतीनच्या थोडे वर."

"जवळजवळ तीन ओहम. एवढ्याशा तारेला अर्धासुद्धा नको. आता गुणा. शेहेचाळीस गुणिले सोळा."

मास्तरांनी टेबलावर मांडणी केली. "सातशे छत्तीस."

"वॅट. आता एका इस्त्रीचे काढा. एकशे चौऱ्याऐंशी गुणिले चार."

मास्तरांनी तेही केले आणि खडू तसाच धरून ते दोन्ही उत्तरांकडे पाहत राहिले. दोन्हीकडे सातशे छत्तीस होते. "प्रत्येक इस्त्रीला सातशे छत्तीस वॅट मिळतायत, ते कळलं. पण हे वरचं सातशे छत्तीस कशाचं?"

"बाकावर चार इस्त्र्या आहेत," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "ही पाचवी. तीही तेवढीच तापतेय, आणि ती आपल्याला दिसत नाहीये. तार कुठून जाते?"

"आतल्या खोलीच्या..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

खिडकीजवळ काजवालीची सुई थांबली होती. "आतल्या भिंतीला ऊब असते," ती म्हणाली. अगदी हळू, जणू कुणी विचारले म्हणून. मग हातातला कोट तसाच टाकून ती माझ्याखालून आत धावली.

पुढच्या क्षणी आतून आवाज आला, "धूर आहे. मास्तर, इथं धूर आहे."

मास्तरांनी बाकाखालची पाण्याची बादली उचलली. मावशी स्टुलावरूनच ओरडल्या, "पाणी थांबवा. आधी वीज." त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मशिनी बंद पडल्या, दिवे गेले. नुसत्या स्विचवर त्यांचा भरवसा नसावा, कारण लगेच मला पकडून त्यांनी फळीतून उपटले आणि मुठीत घेऊनच स्टुलावरून उतरल्या. "आता या पाणी घेऊन," त्या म्हणाल्या, आणि आत शिरल्या.

इतक्या वर्षांत आतली खोली मी पहिल्यांदाच पाहिली, मावशींच्या बोटांच्या फटीतून. ताग्यांच्या मांडणीशेजारी टोपली होती, भिंतीला नीट टेकवलेली. तिच्या पलीकडे कातरणांचे एक पोते भिंतीला लागून उभे होते आणि त्याच्या बाजूने धुराची एक बारीक रेघ वर जात होती. काजवालीने ठकीला उचलून छातीशी धरले होते. मेहुण्यांनी पोते ओढले मात्र, वारा लागताच त्याच्या पोटात लाल ठिपके पेटले आणि एक पिवळी जीभ वर आली. मास्तरांनी बादली ओतली. वहिनी दुसरी घेऊन धावत आल्या. चर्र आवाज झाला, वाफ झाली, राखेचा आणि ओल्या कापडाचा वास सुटला. मग काही पेटेनासे झाले. भिंतीवरच्या चुन्याला हातभर लांबीचा तपकिरी डाग पडला होता.

टोपलीची भिंतीकडची कड काळी झाली होती. वहिनींनी आतल्या दुपट्याच्या टोकाला हात लावला, तर ते चुरा होऊन खाली पडले. त्यांनी हात मागे घेतला.

ठकीचा एक गाल लालबुंद होता आणि केस घामाने चिकटले होते. ती हलत नव्हती. काजवालीने तिला खिडकीशी नेले, तोंडावर फुंकर घातली, पाठ चोळली. खोलीत कुणी श्वास घेत नव्हते. मीही नाही, असे म्हणायची माझी योग्यता नाही, पण म्हणतो. मग ठकीने तोंड वाकडे केले, शिंकली, आणि झोपमोड झाल्याबद्दल घर डोक्यावर घेतले. तिचे रडणे ऐकून मास्तर पोत्यावरच मटकन बसले, ओल्या राखेत.

बऱ्याच वेळाने मावशींनी मूठ उघडली. त्यांनी मला उलटे केले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चौपदरी तांबे पाहिले.

"हे कुणी घातलं?"

मेहुणे भिंतीवरच्या डागाकडे बघत होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मी," ते म्हणाले. "मीच घातलं. हसत हसत घातलं."

"राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबलात तुम्ही," मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"मला म्हणाली होती ती, भिंत उबदार आहे," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, ऊन लागत असेल. तिकडे ऊन कुठून लागणार? इतकी वर्षं राहते मी इथं."

काजवाली ठकीला थोपटत होती. थोपटता थोपटता ती स्वतःशीच म्हणाली, "मी रोज टोपली सरकवून टेकवायचे. जरा लांब राहिली तर पुन्हा जवळ सरकवायचे. गार लागू नये म्हणून." एवढे बोलून ती रडू लागली. मेहुणे पुढे झाले आणि त्यांनी काळी पडलेली टोपली उचलून भिंतीपासून लांब नेऊन ठेवली.

शिवणघर आठ दिवस बंद होते. भिंत फोडली तेव्हा आतली लाकडी पट्टी कोळसा झालेली निघाली आणि तो जोड हात लावताच तुटून पडला. मावशींनी इस्त्रीच्या बाकाला वेगळी, जाड, अखंड तार ओढली आणि तिच्यावर माझ्याऐवजी नव्या पद्धतीची खटक्याची डबी बसवली. मला काढून टाकतील असे वाटले होते. पण मास्तरांनी मला घासून पुसून दिव्या-पंख्यांच्या लाइनवर बसवले, आणि आत पाच अँपिअरची बारीक तार बांधली. तिचा पहिला चटका बसला तेव्हा मला किती बरे वाटले ते कसे सांगू? मला पुन्हा घाबरता येत होते.

गेल्या महिन्यात मी उडालो. भर दुपारी दिवे गेले, पंखे गरगरत थांबले. पूर्वी अशा वेळी शिव्या ऐकू यायच्या. या वेळी काजवालीने ठकीला उचलले आणि ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. मेहुण्यांनी मेन स्विच बंद केला आणि आतल्या खोलीपासून सुरुवात करून भिंतींवरून तळहात फिरवत गेले, कोपरे, दारामागे, मांडणीच्या मागे, सगळीकडे. त्यांना कुणी हसले नाही. मग त्यांनी खडू घेतला. दिवे आणि पंखे मिळून दोन अँपिअर. नव्या कामवालीने दिव्याच्या सॉकेटात पाण्याची किटली लावली होती, तिच्या बुडावर दीड हजार वॅट लिहिले होते. दीड हजार भागिले दोनशे तीस, साडेसहा. एकूण साडेआठ. मेहुण्यांनी तो आकडा तीनदा तपासला, किटली काढून ठेवली, आणि मगच माझ्यात तार बांधली, बारीकच. त्यांनी ती एकदा ओढून पाहिली, सोडून पुन्हा बांधली, बाहेर जाऊन काजवालीला "ये आत" म्हणाले, आणि ती आत येईपर्यंत दारात थांबले.

मित्रांनो, मला उघडून बघायला तुम्ही जाऊ नका, ते काम मोठ्यांचे आणि जाणत्यांचे. पण मोठ्यांना विचारा. आपल्या घरातल्या फ्यूजमध्ये काय बांधले आहे, कुणी बांधले, आणि त्या तारेवर किती वस्तू लावल्या आहेत. मी उडालो तर मला गप्प करू नका, मी का उडालो ते शोधा. व्होल्ट आणि अँपिअर जाणत्यांकडून मोजून घ्या. भागाकार आणि गुणाकार तुम्हालाही येतात, ते तुम्ही करा. आणि हिशेबात एखादा आकडा जास्त निघाला तर तो कागदावर तसाच सोडून उठू नका. तो कुठेतरी तापत असतो, आणि ऊब आहे म्हणून त्या भिंतीला टेकून कुणीतरी झोपलेले असते.